चिटणीस आणि होळीचं बावखल

आमच्या सेवा मंडळाचे चिटणीस सकाळी बाजारात शिरले की माणसं आपल्याला कुठं खरचटलेलं तर नाही ना, हे आधी तपासून घेत. बोटाला चिंधी गुंडाळलेला माणूस त्यांच्या दृष्टीस पडला की त्याची सुटका नसे. एकदा नारळ सोलताना बोट कापून घेतलेल्या एका भाजीवाल्याने चिटणिसांना लांबून येताना पाहिलं आणि घाईघाईने हात शेजारच्या टोपलीत खुपसला. टोपलीत मिरच्या होत्या. तो ओरडला नाही. चिटणीस वळणापलीकडे जाईपर्यंत त्याने दातावर दात ठेवून गिऱ्हाईक केलं, असं सगळा बाजार पुढे कितीतरी दिवस कौतुकाने सांगत होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि वसईत बऱ्याच जणांच्या अंगात देशसेवा शिरली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नवा मास्तर होतो, वय बावीस, आणि माझ्याही अंगात ती होतीच. आमच्या मंडळाच्या सेवेचा एक ठरलेला हंगाम असे. भातकापणी उरकली की तो सुरू होई आणि चैत्र संपता संपता आटोपे. लोकांचे हाल खरं तर पावसाळ्यात जास्त होत. पण पावसाळ्यात चिखल असतो आणि सभासदांची पायताणं खराब होतात, तेव्हा तेवढे महिने जनतेने आपलं आपण बघावं असा अलिखित ठराव होता. उरलेल्या दिवसांत मात्र जनतेला श्वास घ्यायला फुरसत नसे. सफाई सप्ताह, प्रथमोपचार, चष्मेवाटप, साक्षरता, पाणपोई, श्रमदान, एकामागून एक चालू. साक्षरतेच्या पंधरवड्यात तर एका म्हाताऱ्याने अंगठ्याला फडकं बांधून आपण अपंग असल्याची बतावणी केली, आणि तो प्रथमोपचाराच्या पथकाला सापडला.

हा सगळा हंगाम चिटणीस एकट्याच्या डोक्याने चालवत. पन्नाशीला टेकलेले, उंच, हडकुळे, खाकी अर्धी विजार, गळ्यात शिट्टी. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत एक गजराचं घड्याळ असे. मनगटी घड्याळ त्यांना पसंत नव्हतं, कारण ते फक्त घालणाऱ्याला वेळ सांगतं. कार्यक्रमपत्रिका ते दिवाळीच्या आधीच छापून घेत आणि त्यात प्रत्येक सेवेची सुरुवातीची नि शेवटची वेळ घातलेली असे. "सेवा वेळेवर झाली पाहिजे," ते म्हणत. "गरज काय, मागाहून येते."

निर्मळच्या जत्रेत आम्ही प्रथमोपचाराचा तंबू ठोकला होता. आमच्या पथकाला मोडलेला हात झोळीत बांधायचं उत्तम शिक्षण मिळालं होतं, आणि तेवढंच मिळालं होतं. दोन दिवस झाले तरी जत्रेत कोणाचा हात मोडेना. लोक वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेत होते, पाळण्यात बसत होते आणि धडधाकट परत जात होते. दुसऱ्या संध्याकाळी चिटणिसांनी आम्हाला तंबूत गोळा केलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आज एकही हात मोडला नाही. बंधूंनो, आपण प्रसिद्धीत कमी पडलो."

तिसऱ्या दिवशी कामणहून चालत आलेला एक शेतकरी घोटा मुरगळून आमच्याकडे आला. चिटणिसांना झालेला आनंद लपत नव्हता. आम्ही त्याला बाकावर निजवला आणि घोट्याला पट्टा गुंडाळायला घेतला. पट्टा निम्मा झाला असेल नसेल, झोळीत घड्याळ खणखणलं. पाच वाजले होते. तंबूची वेळ पाचची.

"उरलेला पट्टा उद्या सकाळी आठ वाजता," चिटणीस म्हणाले.

"उद्या?" तो माणूस उठून बसला. "अवो, मी कामनचा हाय. या पायाव घरी जाऊ कसा नि उद्या येऊ कसा?"

"आठ ते पाच, केव्हाही या," चिटणीस उदारपणे म्हणाले.

तो लोंबता पट्टा हातात धरून, लंगडत, आम्हाला जे जे म्हणायचं ते म्हणत निघून गेला. चिटणिसांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सेवेला आधी विरोध होतोच, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताला पुरावा आम्ही सतत पुरवत होतो.

चष्म्यांची गोष्ट तर वसईत अजून निघते. मुंबईच्या कुणा दानशूर मंडळींनी वापरलेले चष्मे पेटीभर पाठवले होते. ते कोणाला द्यायचे यावर चिटणिसांनी रात्रंदिवस विचार केला आणि वयाप्रमाणे डबे केले. चाळीस ते पन्नास एक डबा, पन्नास ते साठ दुसरा. डोळे तपासण्यात वेळ गेला असता आणि पत्रिकेत वाटपाला दोनच तास होते. आमच्या पाववाल्याला चाळिशीच्या डब्यातला एक जाड भिंगाचा चष्मा मिळाला. तो लावल्यापासून त्याला आपले पाव भलतेच मोठे दिसायला लागले. प्रामाणिक माणूस, त्याला वाटलं आपला हात सुटलाय, तेव्हा त्याने कणकेचे गोळे लहान करायला घेतले. पंधरा दिवसांत पाव लिंबाएवढा झाला. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी चिटणिसांना गाठून चष्मा काढून घ्यायची विनंती केली.

"दिलेली सेवा परत घेता येत नाही," चिटणीस म्हणाले.

शेवटी पाववाल्याच्या बायकोने तो चष्मा भट्टीत टाकला आणि वसईला पुन्हा पोटभर पाव मिळू लागला.

हा माणूस असा का होता, याचा विचार मी तेव्हा केला नाही. बाविसाव्या वर्षी माणूस दुसऱ्याची टिंगल करतो, विचार करत नाही. चिटणिसांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती, आणि ते धाकट्या भावाच्या घरात राहत. घर चांगलं खातंपितं, केळीची वाडी, दारात बैल. पण त्या घरात त्यांना कोणी काही काम सांगत नसे. भावजय वेळेवर पान वाढी आणि ते वेळेवर उठत. मी एकदा निरोप घेऊन गेलो, तर ओटीवर बसून ते भावाला विचारत होते, "बाजारातून काही आणायचंय का?" भाऊ म्हणाला, "गडी गेलाय की." चिटणिसांनी मग माझ्या हातातला निरोप घेतला आणि तो तीनदा वाचला.

आता त्या वर्षाकडे येतो. ते टाळावं असं मला अजूनही वाटतं, कारण त्यात माझं तोंड फारसं उजळ नाही.

माझी मावशी होळीला राहायची. होळी म्हणजे वसईच्या जवळचं गाव, सगळा बागायती मुलूख. मावशी विधवा, मूलबाळ नाही, आणि जे काही होतं ते म्हणजे दीड-दोनशे केळी, चार पोफळी, थोडी पानवेल आणि रहाट बसवलेली विहीर. वाडीच्या कडेला गावकीचं एक बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं उथळ तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना गोड पाणी पुरवतं. खाडी आणि समुद्र दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खारं पाणी आत सरकायला टपलेलंच असतं. बावखल त्याला थोपवून धरतं. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. ते सगळ्यांना माहीत असतं.

पण त्या वर्षी हिवतापाविरुद्ध एक परिपत्रक आलं होतं. साचलेलं पाणी म्हणजे डास, डास म्हणजे हिवताप, आणि म्हणून डबकी बुजवा. चिटणिसांनी ते परिपत्रक पाठ केलं आणि पत्रिकेत छापलं: होळी येथील डबके बुजवणे, श्रमदान, सात दिवस, शुभारंभ प्रांतसाहेबांच्या हस्ते. त्यांच्या स्वतःच्या घरच्या वाडीलाही बावखल होतं. पण ती वाडी भाऊ बघे, आणि चिटणीस तिकडे फिरकत नसत. तिथं सेवा नव्हती, नुसतं काम होतं.

गावच्या पंचांनी संमती दिली, कारण प्रांतसाहेब येणार म्हणजे रस्त्याचं काहीतरी होईल अशी त्यांना आशा होती. मावशीला कोणी विचारलं नाही. तिनेच मला बोलावून घेतलं.

"तू त्या मंडळात हायेस ना?" ती म्हणाली. "त्या चिटनिसाला सांग, बावखल बुजवलं तर माजी हीर खारी होईल. मंग केळी कशाव जगतील? मी कशाव जगू?"

मी "सांगतो" म्हटलं. आणि सांगितलं नाही. त्या वर्षी मला पथकप्रमुखाचा बिल्ला मिळायचा होता, आणि पत्रिकेत छापलेल्या गोष्टीला नाही म्हणणाऱ्याला बिल्ला मिळत नसे. एवढंच कारण. आज लिहितानाही लाज वाटते.

माघातल्या एका सकाळी साठ माणसं, घमेली आणि फावडी घेऊन आम्ही होळीला पोचलो. प्रांतसाहेबांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी रुमालाने हात पुसत पहिलं घमेलं पाण्यात टाकलं. टाळ्या थांबल्या तेव्हा मावशी पलीकडच्या काठावर उभी होती.

"त्यात मासे हायेत," ती मोठ्याने म्हणाली. "मासे डास खातात. हिवताप कुटचा आनलाय? आमच्या आळीत कोनाला हिवताप नाय."

"भगिनी," चिटणीस म्हणाले, "परिपत्रकात माशांचा उल्लेख नाही."

"परिपत्रक केळी लावतं काय रे?"

लोक हसले. चिटणीस हसले नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवली आणि माती पडायला लागली. मावशी माझ्याकडे बघत होती. मी खाली बघून घमेलं भरलं. सात दिवसांत रस्त्याच्या कामातला मुरूम आणि माती टाकून आम्ही बावखल सपाट केलं, वर एक फलक लावला आणि फोटो काढून घेतला. मला बिल्ला मिळाला.

चैत्र निम्मा झाला तोवर मावशीच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं. मग खारट. डाळ शिजेना. केळीच्या पानांच्या कडा करपल्या, मग पानं, मग घड लहानाचे लहान राहून काळे पडले. पानवेल तर आठ दिवसांत गेली. मी दोनदा तिच्याकडे जायला निघालो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परतलो.

हंगामाची समारोपाची सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. अध्यक्ष खुर्चीवर, पाहुणे खुर्चीवर, आणि चिटणीस उभे राहून वर्षाचा अहवाल वाचत होते. होळीच्या श्रमदानाचा परिच्छेद आला आणि दारातून मावशी आत आली. डोक्यावर तांब्याची कळशी. ती सरळ टेबलापर्यंत गेली, कळशी उतरवली आणि टेबलावरचे पेले स्वतः भरले.

"प्या," ती म्हणाली. "माज्या हिरीचं हाय."

अध्यक्षांनी सभ्यपणे घोट घेतला आणि तोंड फिरवून रुमाल शोधायला लागले. पाहुण्यांनी पेला ओठांना लावून खाली ठेवला. चिटणिसांनी अहवाल बाजूला ठेवून पेला उचलला आणि घटाघट सगळा प्यायले. त्यांनी दुसरा पेला उचलला, तोही प्यायले. ते वसईच्या वाडीत जन्मलेले होते. त्या पाण्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"या पान्याव केळी करपल्या," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वरीसभराचं पोट गेलं माजं. तुमी लिवा, काय लिवायचं ते."

तेवढ्यात झोळीतलं घड्याळ खणखणायला लागलं. सभेची वेळ संपली होती. एरवी त्या आवाजासरशी चिटणीस वाक्य अर्धं सोडत. त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाजत राहिलं, आणि चावी संपल्यावर आपोआप बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीस त्या सपाट केलेल्या जागेवर कुदळ घेऊन खणत होते. शिट्टी नाही, खाकी नाही, धोतराचा काचा मारलेला. होळीतली माणसं कुंपणाशी जमली. कोणी म्हणालं, माणूस कामातून गेला. मंडळाच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की आपलंच काम आपण उखडणं मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. चिटणिसांनी निरोप आणणाऱ्याला बाजूला सरकायला सांगितलं, कारण तो मातीवर उभा होता.

मला जायला तीन दिवस लागले. गेलो तेव्हा त्यांच्या हातांना फोड आले होते आणि फुटलेही होते.

"हे मंडळाचं काम नाही," ते खणता खणता म्हणाले. "तुम्ही घरी जा."

"मावशी माझी आहे," मी म्हटलं. "तिने मला तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. आधीच. मी सांगितलं नाही."

त्यांनी कुदळ थांबवली. मला वाटलं आता ते बोलतील, आणि ते बोलावेत अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी घाम पुसला.

"सांगितलं असतंत तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले, आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं.

हळूहळू चार-पाच जण आणखी आले. पाववालाही दुपारचा मोकळा असला की येई. मृग लागायच्या आत आम्ही जवळजवळ पूर्वीइतकं खोल गेलो. त्या पाच आठवड्यांत मावशी आमच्याकडे फिरकली नाही. बांधावर पाण्याची कळशी मात्र रोज ठेवलेली असे. लांबच्या विहिरीवरून आणलेली, गोड पाण्याची. चिटणीस त्या कळशीला हात लावत नसत. ते मावशीच्या विहिरीवर जाऊन तेच खारट पाणी पीत.

पुढे तो त्यांचा नेमच झाला. खणून झालं, पाऊस लागला, बावखल भरलं, तरी रोज सकाळी साडेसात वाजता लोटा घेऊन ते वसईतून चालत होळीला येत. विहिरीतून पाणी काढत, उभ्याने पीत आणि परत जात. विहीर गोड होईपर्यंत आपण हेच पाणी प्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या पोटाला ते सोसत नव्हतं. डॉक्टरांनी तसं बजावलंही. मावशीला तर त्या प्रकाराचा मनस्वी संताप येई.

"रोज येऊन तोंड वाकडं करतोस, ते कोनासाठी रे?" एकदा तिने त्यांना दरडावलं. "त्यानं पानी गोड होतं काय?"

"नाही, काकी," चिटणीस म्हणाले. तोवर भगिनीची काकी झाली होती.

"मंग?"

लोटा उपडा करून ते निघाले. आठवडाभराने पाऊस धो धो कोसळत असताना ते आले, तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, "ओटीवर बस तरी वाईच. भिजलास किती." ते बसले. तिने त्यांना केळीची नवी रोपं कुठं लावू म्हणून विचारलं. त्यांना काडीचं कळत नव्हतं, तरी त्यांनी तासभर विचार करून एक जागा दाखवली. तिने रोपं दुसरीकडेच लावली, पण खड्डे त्यांच्याकडून खणून घेतले. मग सुपारी उतरवायची असली, रहाटाचा दोर बदलायचा असला, कुंपण झुकलं, की "चिटनिसाला येऊ दे" असं ती म्हणायला लागली.

पुढच्या वर्षीचा पाऊसही पडून गेला. दसऱ्यानंतरची सकाळ. मी मावशीकडे गेलो होतो. नव्या केळी कमरेच्या वर आल्या होत्या. मावशीने चुलीवर चहा ठेवला होता, आणि त्यात दूध घातलेलं होतं. खारट पाण्याच्या चहात दूध घातलं की फाटतं. दीड वर्ष ती काळा चहा पीत होती, आल्यागेल्यालाही तोच देत होती. मी तसाच विहिरीवर गेलो, ओंजळभर पाणी प्यालो. ते गोड होतं. आधी होतं तसं, चांगलं गोड. मला एकदम रडू आलं आणि मी तोंड धुतल्यासारखं केलं.

साडेसातला चिटणीस आले. नेहमीप्रमाणे त्यांनी पाणी काढलं, लोटा तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि थांबले. पुन्हा प्याले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मावशी दारात पदराला हात पुसत उभी होती. खोटं बोलल्याचं ज्यांच्याबद्दल वसईत कोणी ऐकलं नव्हतं, त्या चिटणिसांनी रिकाम्या लोट्यात पाहिलं.

"अजून जरासं खारट आहे, काकी," ते म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी तोंड उघडू नये म्हणून.

"हां," ती म्हणाली. "वाईच हाय खरं. उद्या ये, परत बघ." आणि दुधाचा चहा तिसऱ्या कपात ओतायला आत गेली.

पुढं मावशी गेली तोवर नऊ वर्षं ते रोज येत राहिले, आणि त्यांच्या मते ते पाणी शेवटपर्यंत जरासं खारटच होतं.